डावा हेडलाइट पुन्हा पुन्हा मंद पडतो : आधी व्होल्ट मोजा, बल्ब नंतर बदला

दुखणं असं. नवा बल्ब टाकला की दोन-तीन महिने बरं चालतं. मग एखाद्या रात्री लक्षात येतं की डावी बाजू पिवळट पडलीय, रस्त्याची कड दिसत नाही, आणि समोरून गाडी आली की होतं नव्हतं तेही दिसेनासं होतं. पुन्हा दुकान, पुन्हा बल्ब, पुन्हा दोन-तीन महिने. माझ्या जुन्या हॅचबॅकमध्ये तीन वर्षांत हे चार वेळा झालं. पहिल्यांदा साधा ६०/५५ वॉटचा एच-फोर घातला (एकाच हॅलोजन बल्बात दोन तारा, हाय बीमला ६० वॉटची आणि लोला ५५ ची). दुसऱ्यांदा निळसर काचेचा, ‘सुपर व्हाइट’ म्हणून विकतात तो. तिसऱ्यांदा चिडून १००/९० वॉटचा. चौथ्यांदा एलईडी. प्रत्येक वेळी दुकानदारानं मनापासून सांगितलं की आता बघायलाच नको. मीही बघितलं नाही, तेच चुकलं.

एलईडी लावून पाच महिने झाले होते. ओंकारेश्वरहून इंदूरला परत येत होतो. बडवाह मागे टाकलं, चोरल ओलांडली आणि भेरूघाटाची चढण लागली. पाऊस नुसता भुरभुर. मागच्या सीटवरून आई म्हणाली, “उजेड थरथरतोय का रे?” मी म्हटलं, रस्ता खराब आहे. पुढच्या वळणावर डावीकडचा उजेड गेला, आला, परत गेला. एका ट्रकच्या मागच्या दिव्यांवर नजर ठेवून वीसच्या वेगानं कसेबसे सिमरोलला पोचलो. तिथे रस्त्याकडेला एक इलेक्ट्रिशियन दुकान आवरत होता. त्यानं एलईडी काढून बाजूला ठेवला आणि स्वतःकडचा वापरलेला साधा हॅलोजन त्याच होल्डरला लावला. लागला, पण मेणबत्तीसारखा. मग त्यानं हातभर वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला धरलं, दुसरं होल्डरच्या अर्थच्या पिनेला, म्हणजे करंट मायनसकडे परत जातो त्या पिनेला, टेकवलं. तोच बल्ब भक्कन उजळला. वायर काढली, पुन्हा मेणबत्ती. माझ्याकडे बघून म्हणाला, “भिया, बल्ब में कुछ नी है. करंट पोंच नी रिया.”

मी पन्नासची नोट पुढे केली, त्यानं चहाचे म्हणून वीसच घेतले. चार बल्बांवर मी किती घालवले होते ते त्याला सांगितलं नाही.

मंद पडणं वेगळं, उडणं वेगळं

घरी येऊन मी हे नीट उलगडायला बसलो तेव्हा पहिली गोष्ट कळली ती ही की आपण दोन वेगळ्या तक्रारींना एकाच नावानं हाक मारतो. “बल्ब टिकत नाही” म्हणजे तो मंद होतो की उडतो? कारणं जवळजवळ उलटी आहेत. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताप्रमाणे बदलतो. म्हणजे व्होल्टेज दहा टक्क्यांनी घसरलं तर उजेड दहा नव्हे, तीस टक्क्यांनी घसरतो. आयुष्याचं गणित त्याहून तीव्र आणि उलट्या दिशेचं. व्होल्टेज पाच टक्के वाढलं की आयुष्य जवळपास अर्ध्यावर येतं. त्यामुळे ज्या बल्बला पुरेसा करंट मिळत नाही तो मंद जळतो, पण जगतो. बल्ब वरचेवर उडत असेल तर संशय जास्त व्होल्टेजवर, धक्क्यांवर किंवा आपल्या बोटांवर घ्यायचा.

उडालेला बल्ब फेकू नका, उजेडात धरून बघा. काच स्वच्छ आणि तार मधेच तुटलेली असेल तर बहुधा धक्का किंवा थरथर. क्लिप नीट बसली नसेल, बल्ब जागेवर डुगडुगत असेल, तरीही हेच होतं. तारेच्या टोकांना वितळलेले बारीक गोळे आणि काच आतून काळपट-चंदेरी असेल तर जास्त व्होल्टेज, किंवा बल्बचं वयच झालेलं. आत पांढुरका धूर साचल्यासारखा दिसला तर काचेला तडा जाऊन हवा शिरलीय. आणि काचेवर एका जागी फुगवटा असेल तर तिथे कुणाचं तरी बोट लागलेलं आहे. एच-फोरची काच क्वार्ट्झची असते, ती भयंकर तापते, आणि बोटांचा तेलकटपणा जिथे लागतो तिथे तिची ताकद जाते. बोट लागलंच तर स्पिरिटनं पुसून, कोरडं करून मग बसवा. आमच्याकडे पोहे खाता खाता बल्ब बदलणारे लोक आहेत, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिलं.

काकांच्या जुन्या डिझेल जीपचं दुखणं या दुसऱ्या जातीचं होतं. दोन्ही बाजूंचे बल्ब दर दोन महिन्यांनी जायचे, आणि ते बल्बच्या कंपन्या बदलत बसायचे. मी विचारलं, “काका, बॅटरीत पाणी किती वेळा घालता?” म्हणाले, “दर पंधरा दिवसांनी. का रे?” तिथेच उत्तर होतं. इंजिन चालू करून बॅटरीवर मीटर लावला तर १५.३ व्होल्ट. चांगल्या चार्जिंगला १३.८ ते १४.५ च्या आसपास असायला हवेत. एच-फोरची मोजमापं १३.२ व्होल्टला धरतात. त्या हिशेबानं त्यांच्या बल्बांचं आयुष्य सातव्या हिश्श्यावर आलं होतं, आणि बॅटरी बिचारी उकळत होती. चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बदलला, मीटर १४.२ वर आला. त्यानंतर त्यांनी बल्ब घेतलेला नाही.

माझी गाडी मात्र पहिल्या जातीची.

होल्डरवर किती व्होल्ट पोचतात

याला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. फार भारीचा नको. एक अट मात्र पाळा. मोजताना बल्ब जोडलेला आणि लागलेला हवा. होल्डर नुसता मोकळा ठेवून मोजलात तर कुजलेल्या वायरीतूनही १४ व्होल्ट दिसतात, कारण करंट वाहतच नसतो. नळाला बोट लावून प्रेशर बघण्यासारखं आहे ते, पाणी सोडल्यावर किती येतं ते कळत नाही. होल्डरच्या मागच्या बाजूनं, वायर जिथून आत जाते तिथून, मीटरची सुई अलगद आत सरकवायची. घड्याळ-अंगठी काढून ठेवा, हात पंख्यापासून लांब ठेवा, इंजिन थोडं रेस करून चालू ठेवा.

माझ्या गाडीचे त्या दिवशीचे आकडे वहीत आहेत. लो बीम चालू, बॅटरीवर १४.१. उजव्या होल्डरवर १२.९. डाव्या होल्डरवर ११.६. डावीकडे अडीच व्होल्ट वाटेतच गायब. ते कुठे गेले हे शोधायला दोन मोजमापं अजून घ्यायची. एक, बॅटरीच्या प्लसपासून होल्डरच्या प्लसपर्यंत. दोन, होल्डरच्या अर्थपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. दोन्ही वेळी दिवा चालूच. मला पहिल्यात ०.९ आणि दुसऱ्यात १.६ मिळाले. बेरीज बरोबर अडीच. उजवीकडे प्लसच्या वाटेत तेवढेच ०.९, पण अर्थच्या वाटेत फक्त ०.३. म्हणजे चोर दोन होते. प्लसकडचा दोन्ही बाजूंना सारखं लुटत होता, अर्थकडचा फक्त डावीकडे.

अर्ध्या व्होल्टपर्यंतची घट मी चालवून घेतो. एक व्होल्टच्या पुढे गेली की बल्बच्या दुकानात जाण्यात अर्थ नाही. ११.६ व्होल्टवर एच-फोर आपल्या ठरलेल्या उजेडाच्या दोन तृतीयांशाहूनही कमी देतो. त्यात तुम्ही निळा बल्ब घातलात तर काचेवरचा निळा थर पिवळा उजेड गाळून टाकतो. दिवा पांढरा दिसतो, पण एकूण उजेड वाढत नाही, उलट कमीच होतो. माझा दुसरा बल्ब हाच. लावल्यावर शेजाऱ्यानं “वा” म्हटलं होतं, मला मात्र केशरबाग रोडचे खड्डे आधीपेक्षा कमी दिसत होते.

अर्थचा चोर कुठे सापडला ते सांगतो, कारण बऱ्याच गाड्यांत तो तिथेच सापडेल. डाव्या हेडलाइटची काळी वायर बॅटरीच्या ट्रेखाली बॉडीला एका नटानं आवळलेली होती. ट्रे काढल्याशिवाय दिसतच नाही. बॅटरीतून वर्षानुवर्षं ओघळलेलं ॲसिड तिथे साचून नटाभोवती पांढरा-हिरवा खार चढला होता, आणि वायरच्या टोकाचं थिंबल (नटाखाली बसणारी धातूची कडी) हात लावताच कुरकुरीत शेवेसारखं मोडलं. नवीन थिंबल दाबून बसवलं, बॉडीची जागा पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केली, नट बदलला, वर व्हॅसलीन थापलं. पुन्हा मोजलं तर अर्थकडची घट १.६ वरून ०.२ वर. वीस रुपयांचं सामान.

यातली एक खूण मला दोन वर्षं दिसत होती आणि मी वाचली नव्हती. हॅलोजन होते त्या काळात, लो बीमवर असताना खड्ड्यातून गेलं की डॅशबोर्डच्या मीटरवरचं हाय बीमचं निळं चिन्ह क्षणभर मिणमिणायचं. मला वाटायचं, स्विच सैल आहे. खरं कारण असं की एच-फोरमध्ये लो आणि हाय या दोन तारांना अर्थची पिन एकच असते. ती सुटली की लोच्या तारेतून आलेल्या करंटला जायला जागा उरत नाही. मग तो त्याच बल्बच्या हायच्या तारेत उलटा शिरतो, तिथून हायच्या वायरीनं पलीकडच्या दिव्यात जातो आणि त्याच्या अर्थमधून खाली उतरतो. त्या फेऱ्यात मीटरचं निळं चिन्हही थोडं उजळतं आणि डावा दिवा लाल-पिवळा होऊन बसतो. असं काही दिसलं तर बल्बकडे बघूसुद्धा नका, सरळ अर्थचा नट शोधा.

काही गाड्यांत, विशेषतः जपानी घडणीच्या, वायरिंग उलट असतं. एच-फोरच्या सामाईक पिनेला कायम प्लस आणि लो-हायचा स्विच मायनसच्या बाजूला. त्यामुळे सामाईक पिन म्हणजे अर्थच, असं धरून चालू नका. टेस्टरची एक क्लिप बॅटरीच्या मायनसला लावून आधी खात्री करा, मग वायर टेकवा. नाहीतर ठिणगी उडेल आणि फ्यूज जाईल, तेही नशीब चांगलं असेल तर.

प्लसकडचे ०.९ व्होल्ट आणि माझा मूर्खपणा

प्लसची वाट लांब आहे. बॅटरीतून फ्यूज बॉक्स, तिथून आत स्टिअरिंगजवळच्या काडीच्या स्विचपर्यंत, तिथून परत बाहेर दिव्यांकडे. बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांत हेडलाइटला रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नसतो, सगळा करंट त्या काडीतल्या इवल्याशा तांब्याच्या पट्टीवरून जातो. लो बीमच्या ५५ वॉटच्या दोन बल्बांना मिळून साधारण नऊ अँपिअर लागतात. कंपनीनं वायर त्या हिशेबानं, जेमतेम जाडीची दिलेली असते.

आणि मी काय केलं होतं? १००/९० घातले होते. म्हणजे हायवर शंभर-शंभर वॉट, सतरा अँपिअरच्या आसपास. पहिले आठ दिवस खंडवा रोडवर राजा असल्यासारखं वाटलं. मग बॉनेट उघडल्यावर जळकट वास यायला लागला. होल्डरचं प्लास्टिक तपकिरी होऊन एका पिनेभोवती वितळलं होतं. वितळलेल्या होल्डरमध्ये पिनेची पकड ढिली, ढिली पकड म्हणजे जास्त रोध, जास्त रोध म्हणजे जास्त उष्णता, आणि प्लास्टिक अजून वितळणार. डाव्या रिफ्लेक्टरच्या वरच्या भागाला आजही एक मळकट डाग आहे, चंदेरी थर तिथे भाजलाय. तो परत येत नाही. जास्त वॉटचे बल्ब रॅलीसाठी, वेगळं जाड वायरिंग केलेल्या गाड्यांसाठी असतात. साध्या वायरिंगवर ते लावू नयेत, एवढं मी आता कुणालाही हात धरून सांगतो.

इलाज म्हणजे रिले किट. इंदूरमध्ये छोटी ग्वालटोलीच्या पार्ट्सच्या दुकानांत विचारलं की एच-फोरचं तयार किट मिळतं : दोन रिले, फ्यूज, दोन्ही बाजूंचे होल्डर, आणि एक टोक जे गाडीच्या जुन्या होल्डरमध्ये बल्बसारखं घुसतं. त्यामुळे गाडीची मूळ वायर कुठेही कापावी लागत नाही. आता काडीच्या स्विचमधून जाणारा करंट फक्त रिलेची कॉइल ओढतो, अँपिअरचा पाचवा-सहावा हिस्सा. दिव्यांचा खरा करंट बॅटरीतून थेट, आखूड वाटेनं जातो. रिलेवर आकडे कोरलेले असतात : ३० ला बॅटरी, ८७ दिव्याकडे, ८५ आणि ८६ कॉइलला. किट घेताना होल्डर सिरॅमिकचे आहेत का ते बघा आणि वायर नखानं दाबून बघा. जाड रबराच्या आत केसासारखं तांबं असलेली किटंही सर्रास मिळतात. निदान अडीच चौरस मिलिमीटरची वायर हवी. फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत. त्याच्या अलीकडे वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर मधे तिला थांबवणारं काहीच नसतं.

किट, थिंबलं आणि मजुरी धरून मला अकराशे रुपये लागले. पुन्हा मोजलं : बॅटरीवर १४.१, उजवीकडे १३.६, डावीकडे १३.५. आणि बल्ब कुठले? शेवटच्या खणात पडलेले, पहिल्या वेळी काढून ठेवलेले साधे ६०/५५. डाव्या दिव्याचा उजेड ११.६ च्या मानानं दीडपटीहून जास्त झाला, नवा बल्ब न घेता. व्होल्टेज वाढल्यानं बल्बचं आयुष्य थोडं कमी होणार, हेही खरं. मला तो सौदा मान्य आहे.

मग एलईडीनं पाच महिने काम कसं भागवलं?

हा प्रश्न मला छळत होता. उत्तर ड्रायव्हरमध्ये आहे. ड्रायव्हर म्हणजे एलईडीच्या मागचा छोटा डबा. तो नऊ-दहा व्होल्टपासून पुढे काहीही मिळालं तरी चिपना ठरलेला करंट देतो. त्यामुळे ११.६ व्होल्टवर हॅलोजन मरगळतो पण एलईडीला फरक पडत नाही. शिवाय तो वीस-तीस वॉटच घेतो, वायरीवर ओझंही कमी. म्हणजे एलईडीनं दुखणं बरं केलं नाही, झाकलं. आत थिंबल कुजतच होतं. शेवटी ते इतकं सुटलं की ड्रायव्हर बंद-चालू व्हायला लागला, आणि हॅलोजन जिथे मंद झाला असता तिथे एलईडी सरळ गेला. घाटात, पावसात. मंद होणारा दिवा निदान आधी सूचना तरी देतो.

खोक्यावर ‘२०० वॉट’ लिहिलेलं असेल तर हसून सोडून द्या. मुठीएवढ्या पंख्यानं दोनशे वॉटची उष्णता बाहेर निघत नाही.

एलईडीवर माझा राग नाही. पण हॅलोजनच्या डब्यात बसवलेला एलईडी आणि कंपनीतूनच एलईडीसाठी घडवलेला हेडलाइट, या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि दुकानात दोन्ही एकच म्हणून बोलल्या जातात. रिफ्लेक्टरची वाटी त्या पाच मिलिमीटरच्या तापलेल्या तारेभोवती घडवलेली असते. एच-फोरच्या लोच्या तारेखाली एक छोटी धातूची पन्हाळी असते. ती खालचा उजेड अडवते, म्हणून वाटीचा फक्त वरचा अर्धा भाग उजळतो आणि झोत खाली रस्त्यावर पडतो, समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. तार चहूबाजूंनी जळते. एलईडीत मात्र एका पट्टीच्या दोन तोंडांवर चिपा चिकटवलेल्या असतात. पट्टी जितकी जाड तितके ते दोन उजेड मूळ तारेच्या जागेपासून दूर. जागा दोन मिलिमीटरनं चुकली तरी रस्त्यावरचा झोत विस्कटतो.

हे आमच्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये मी भिंतीवर बघितलं. जमीन सपाट, भिंतीपासून ५ मीटरवर गाडी. हॅलोजनच्या लो बीमची वरची कड सुरीनं कापल्यासारखी, डावीकडे थोडी वर चढत जाणारी. ती चढण आपल्या बाजूच्या पाट्या आणि पायी चालणारे दिसावेत म्हणून असते. एलईडी घातला तर कड पुसट, वरती दोन जागी पांढरे ढग, आणि गाडीच्या अगदी पुढ्यात लख्ख सडा. तो सडा फसवतो. जवळची जमीन झगझगीत दिसली की डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचन पावतात आणि लांबचं कमी दिसतं. चालवणाऱ्याला वाटतं, काय उजेड आहे! आणि समोरून येणारा अप्पर-डिपर मारत शिव्या घालतो. मी समजत होतो की खंडवा रोडवरचे ट्रकवालेच उद्धट आहेत.

एलईडी लावायचाच असेल तर निदान एवढं बघा : चिपा डावी-उजवीकडे तोंड करून बसल्या पाहिजेत, वर-खाली नाही. त्यासाठी कॉलर (बल्बचं बसवायचं कडं) फिरवता येणारा घ्या आणि भिंतीवर कड बघूनच तो आवळा. पट्टी पातळ असलेला घ्या. पंख्याला जागा नाही म्हणून हेडलाइटमागचं रबरी झाकण (बूट) कापू देऊ नका. माळव्याची काळी धूळ आणि पावसाची दमट हवा तिथून शिरते आणि सहा महिन्यांत रिफ्लेक्टर आंधळा होतो. आणि दुकानातल्या पाच मिनिटांवर भुलू नका. चिप तापली की ड्रायव्हर स्वतःच उजेड उतरवतो, तो उतार वीस-तीस मिनिटांनी दिसतो. मोबाइलचं एक्स्पोजर लॉक करून भिंतीचा एक फोटो सुरुवातीला आणि एक अर्ध्या तासानं काढला की कळतं. माझ्या जोडीत डावा-उजवा फरक तेव्हाच दिसला होता. एफएमवर खरखर सुरू झाली तर तीही त्याच ड्रायव्हरची देणगी.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करण्याला मनाई करतं. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्ब हॅलोजनच्या जागी रस्त्यावर चालतात, पण तेही यादीतल्या ठरावीक गाड्यांतच, कारण प्रत्येक गाडीच्या हेडलाइटमध्ये तपासून मगच परवानगी मिळते. त्यांना जे गाडीगणिक तपासावं लागतं ते आपल्याकडे “सब में लगता है” म्हणून काउंटरवर मिळतं.

हॅलोजनमध्येही ‘शंभर टक्के जास्त’ वगैरे लिहिलेले येतात. वॉट तेवढेच असतात. एच-फोरचा एकूण उजेड ठरलेला आहे : हायला १६५० ल्युमेन आणि लोला १०००, पंधरा टक्के इकडे-तिकडे. त्या बल्बांत तार बारीक, घट्ट आणि जास्त तापणारी असते. रस्त्यावरच्या ठरावीक जागी उजेड वाढतो खरा, पण बल्ब लवकर जातो. रोज रात्री हायवेवर असाल तर घ्या. राजवाड्याहून घरी आणि घरून राजवाड्याला असाल तर साधा पुरे. साध्याचा आणखी एक फायदा असा की तो रात्री दहा वाजता बडवाहच्या पंक्चरवाल्याकडेही मिळतो.

उरलेलं थोडक्यात

काच पिवळी असेल तर वरचं सगळं करूनही निम्मा उजेड काचेतच अडकतो. ती काच नसून पॉलिकार्बोनेट असतं, वरचा संरक्षक थर उन्हानं जातो. पाण्यासोबत ८०० च्या पेपरनं सुरुवात करून २००० किंवा ३००० पर्यंत घासायचं, पॉलिश करायचं आणि शेवटी यूव्ही थर लावायचाच. तो न लावता नुसतं घासलं, किंवा टूथपेस्ट चोळली, तर दोन-तीन महिन्यांत परत पिवळी.

झोताची उंची भिंतीवरच बघा. ५ मीटरवर लोची कड बल्बच्या उंचीपेक्षा साधारण ५ सेंटिमीटर खाली हवी. त्याआधी डॅशबोर्डवरची उंचीची गोल कळ शून्यावर आहे ना ते पाहा. आमच्या भाच्यानं ती ३ वर नेऊन ठेवली होती, आणि मी आठवडाभर नव्या रिलेला दोष देत होतो. बल्ब बसवताना एच-फोरच्या कड्याचा रुंद कान वर येतो. तो खाचेत बसला नाही तरी क्लिप लागते, पण झोत आकाशात जातो.

ओल्या डांबरावर कुठलाही दिवा कमीच वाटतो. पाण्याचा थर उजेड आरशासारखा पुढे फेकतो, तो आपल्याकडे परत येत नाही. त्या रात्रीवरून बल्बची पारख करू नका.

दुचाकीचा प्रश्न मेहुण्यानं आणला. त्याच्या जुन्या मोटरसायकलला त्यानं ऑनलाइन एलईडी मागवून लावला. “भाऊजी, डिस्कोचे दिवे लागलेत.” जुन्या बऱ्याच बाइकींत हेडलाइट बॅटरीवर नसतो, तो इंजिनच्या कॉइलमधून थेट एसीवर चालतो. म्हणून तर रेस दिली की उजेड वाढतो, सोडली की कमी होतो. एसीवर डीसीचा एलईडी लुकलुकतो आणि लवकर मरतो. आधी हेडलाइटची वायर डीसीवर घ्यावी लागते, आणि तीही रेग्युलेटर-रेक्टिफायर आणि बॅटरीला झेपतंय का ते बघून. त्याच्या बाइकमध्ये ३५/३५ वॉटचा एचएस-वन हॅलोजन होता. तो परत लावला आणि होल्डरच्या पिना घासल्या, एवढ्यावर त्याचं भागलं. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू होताच आपोआप लागतो. अशा गाड्यांत स्विचच नसल्यानं लोक मधे नवा स्विच टाकून घेतात, आणि दिवा मंद होण्याचं कारण पुष्कळदा तो स्विचच निघतो.

माझ्या गाडीत आता रिलेवर साधे हॅलोजन आहेत. एलईडीची जोडी खणात पडून आहे, कुणाला विकायला मन होत नाही. दिवाळीच्या सुमारास बॅटरीचा ट्रे पुन्हा काढून तो नट बघायचाय. या पावसाळ्यात बॅटरीच्या कडेनं थोडं ओघळलेलं दिसतंय, आणि डावीकडचे व्होल्ट मागच्या रविवारी १३.४ होते.